मागे जरा पाणी येतं

मंगळवार, ता. ७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

"चारचौघांत नाव घेऊ नये गं, 'मागे जायचंय' म्हणावं," असं तू मला एकदा म्हणाली होतीस. मी तेव्हा पहिलीत होते आणि तुझ्याकडे सुट्टीला आले होते. बाहेरच्या खोलीत तुझे टेलिफोन एक्स्चेंजमधले साहेब बसले होते, आणि मी त्यांच्यादेखत संडास कुठे आहे असं खणखणीत आवाजात विचारलं. तू तुझ्या त्या 'नंबर प्लीज'वाल्या मऊ आवाजात मला दुरुस्त केलंस. तेव्हापासून आपल्या घराण्यात कुणालाही संडास नाही, सगळ्यांना फक्त 'मागे' आहे.

काल छापखान्यात प्रूफ तपासताना हे वाक्य अचानक आठवलं आणि पेन तिथंच थांबलं. वादळानंतरच्या तुझ्या पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, 'बाकी सर्व ठीक. मागे जरा पाणी येतं, पण ओसरतं.' मी ते परसातलं पाणी समजले. उत्तरात विटा टाक, फळी टाक, ऊन पडलं की सुकेल, असं कळवून मोकळी झाले. वर विनोदही केला, की बेडूक राहायला आले तर त्यांच्याकडून भाडं घे. ते वाचताना तुला काय वाटलं असेल, या विचारानं काल जेवण गेलं नाही.

मी तुला काय काय तपासायला सांगितलं होतं! सगळे नळ बंद करून मीटरचा काटा फिरतो का बघ, भिंतींना ओल धरली आहे का बघ, पहिलं गढूळ पाणी वाहून जाऊ दे. तू सगळं केलंस आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाल्यासारखं कळवलंस. पण मी घरात येणाऱ्या पाण्याचंच विचारत राहिले, घराबाहेर जाणाऱ्याचं एका अक्षरानं विचारलं नाही. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मी पगार घेते.

आता सरळ विचारते, सरळ सांग. वरच्या मजल्यावर पाणी ओतलं की तुझ्या संडासात पाणी चढतं का? मोरीच्या जाळीतून उलटं येतं का? वास येतो का? परसातलं झाड मुळासकट पडलं असं तू लिहिलं होतंस. मैल्याचा पाइप त्या मुळांखालूनच जातो आणि पलीकडे हातभर अंतरावर जमिनीतली पाण्याची टाकी आहे. पाइप तिथं उखडला असेल, तर ते सगळं टाकीत झिरपेल. ती टाकी तुझी एकटीची नाही. वरची शिवणवाली आणि तिची मुलगी तेच पाणी वापरतात.

आजपासून पाणी उकळ आणि शिवणवालीला आजच सांग. तुझ्या फोनची तार खांबासकट आडवी झाली आहे, तेव्हा तिचा मोबाइल नंबर मला कळव. पूल दुरुस्त होईपर्यंत बस बंद आहे, नाहीतर पत्राऐवजी मीच येऊन टपकले असते.

एवढं स्पष्ट लिहिलं म्हणून रागव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी भाची


शुक्रवार, ता. १०

चि. काना-मात्रेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी दार लावून घेतलं. तो शब्द किती वेळा लिहिलास! पोस्टमननं फोडून वाचलं असतं तर त्यानं आपल्या घराण्याबद्दल काय समजायचं?

हो. तेच 'मागे'.

गुडगुड ऐकू येते का, हे विचारलं नाहीस ते बरं केलंस. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकून झिजलेले हे कान. त्यावर मी युक्ती काढली आहे. मोरीच्या जाळीवर प्लास्टिकचा पेला पालथा ठेवते. तो हलला की समजायचं, वर कुणीतरी बादली ओतली. मग पदर खोचून, फडकं आणि फिनेल घेऊन उभं राहायचं. आता वरच्यांचं सगळं वेळापत्रक मला पाठ झालं आहे. दुसऱ्याच्या घरातलं इतकं कळणं चांगलं नव्हे. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कानावर पडेल ते तिथंच ठेवायचं. ती सवय काही कानांबरोबर गेली नाही.

सांग म्हणतेस, पण काय सांगू? 'बाई, तुमचं माझ्याकडे येतं' हे कोणत्या तोंडानं म्हणू? ती भली बाई आहे, ऐकल्याबरोबर वापर बंद करील. नवरा ट्रक घेऊन पंधरा पंधरा दिवस बाहेर, घरात लहान मुलगी. त्यांनी जायचं कुठे? मी माझ्यापुरतं निभावते. चहा सोडला आहे, पाणी बेतानं पिते.

जीव तुटतो तो एवढ्यासाठी, की बटणला घरात घेता येत नाही. (शिवणवालीची मुलगी. आईच्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत बसते म्हणून मीच ठेवलेलं नाव.) शाळा सुटली की खाली यायची, माझ्या कानात ओरडून दिवसभराच्या बातम्या द्यायची. आता मी कडी लावून घेते. वास येईल, ती विचारील, आणि तिला तर चारचौघांत काय बोलू नये तेही अजून कळत नाही. ती दार वाजवते ते मला ऐकू येत नाही, पण कडी हललेली दिसते. मी आत बसून राहते. परवा तिनं आईला विचारलं म्हणे, की मी आजीचं काही घेतलंय का?

पाणी उकळून प्या असं मी वर सांगितलं आहे, वादळानंतर सगळेच उकळतात असं म्हणून. तेव्हा तुझी ती काळजी मिटली. नळवाल्याला निरोप धाडला आहे. तो गुरुवारी येतो म्हणतो, कोणत्या गुरुवारी ते सांगत नाही. मला एक आठवडा दे. शिवणवालीचा नंबर सापडला की कळवते.

या म्हातारीची लाज तुझ्या हाती आहे, आणि जीवही तुझ्यातच आहे, हे ध्यानात ठेव.

तुझी आत्या


सोमवार, ता. १३

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नंबर सापडत नाही म्हणतेस! पन्नास वर्षांपूर्वीचे गावातल्या निम्म्या लोकांचे नंबर तुला तोंडपाठ आहेत. माझ्यापाशी ही थाप चालायची नाही.

पत्र वाचून आधी राग आला, मग पेल्याचं वाचून हसू आलं, आणि मग तू चहा सोडल्याचं वाचून दोन्ही जिरलं. शिवणवालीला मीच एक कार्ड टाकायला घेतलं होतं. पत्तासुद्धा लिहून झाला. मग वाटलं, तिला घाबरवण्याआधी निदान टाकीपर्यंत काही पोचतंय का, याची खात्री करावी. पाइप फुटला असेल पण टाकीची भिंत शाबूत असेल, तर तुझी लाज उगीच चव्हाट्यावर यायची.

खात्री करायचा सोपा मार्ग आमच्या छापखान्यातल्या मुकादमानं सांगितला. कपड्यांची नीळ घे, चांगली बाटलीभर, आणि वरच्या संडासात ओत. (तुझा तुंबलेला आहे, त्यातून उलटंच येईल.) मागून दोन बादल्या पाणी सोड. काही तासांनी नळाचं पाणी पांढऱ्या भांड्यात धरून बघ. निळसर दिसलं तर एक क्षण थांबू नकोस, जिना चढ आणि सांग. नाही दिसलं तर तुझ्या त्या अनामिक गुरुवारची वाट बघू.

आठवडा दिला. मनाविरुद्ध दिला, हे लिहून ठेवते.

चहा पी. आणि रुसलीस तरी माझ्यावरची नजर काढून घेऊ नकोस.

तुझी भाची


बुधवार, ता. २२

चि. काना-मात्रेस,

अ. उ. आ. लिहायचं राहिलं, ते इथं घे.

गुरुवारी सकाळी निळीची बाटली पदराखाली धरून वर गेले. शिवणवालीला म्हटलं, जरा मागे जाऊन येऊ का? तिनं मला अदबीनं मागच्या गॅलरीत नेलं, वाळत घातलेले कपडे सरकवून जागा केली, आणि इथं वारं छान येतं असं म्हणाली. मी तिथं वारं खात उभी राहिले. दुसरं काय करणार? मग तिच्याच ध्यानात आलं. तिनं माझा दंड धरून मला संडासापर्यंत पोचवलं आणि बाहेर येईपर्यंत दाराशी थांबली. एवढं जपायला मी काही पडणार नव्हते. असो, बाटली रिकामी झाली, काम झालं.

दुपारी स्वयंपाकघरातल्या नळाखाली पांढरं पातेलं धरलं. पाणी निळं होतं. फार नाही, जुन्या धुतलेल्या शर्टाला असते तेवढी छटा. मी ते पातेलं खिडकीपाशी नेऊन पाहिलं, दिव्याखाली नेऊन पाहिलं, डोळे पुसून पाहिलं. निळंच होतं.

तशीच जिना चढायला निघाले. शपथेवर सांगते, सांगायलाच निघाले होते. अर्ध्या जिन्यात शिवणवाली भेटली. हातात दवाखान्यासाठी शिवलेल्या पांढऱ्या कोटांचा गठ्ठा. कापडाची खळ काढायला तिनं ते दुपारीच धुऊन वाळवले होते. मोठ्या आनंदात होती. माझ्यासमोर एक कोट उलगडून धरला आणि म्हणाली, की मावशी, वादळानं पाणी सुधारलं बघा, कोट कसे उजळलेत, आता कुणी नावं ठेवायचं नाही. काना, मी त्या कोटाकडे पाहिलं. खरंच उजळला होता. आणि मी म्हटलं, छान दिसतोय.

एवढंच म्हटलं आणि खाली आले.

शनिवारी बटणला उलट्या सुरू झाल्या, रविवारी तापात बरळायला लागली, संध्याकाळी दवाखान्यात नेली. पिण्याचं पाणी आई उकळूनच देत होती, पण दात घासून चूळ भरायची ती नळाचीच. ते कुणाच्या ध्यानात येणार? आणि जिच्या ध्यानात यायला हवं होतं, ती खाली कडी लावून बसलेली.

सोमवारी मी दवाखान्यात गेले. डॉक्टर तिच्या आईला पाण्याबद्दल विचारत होते आणि ती मान हलवून उकळल्याचं सांगत होती. ते ओठांवरून कळलं. मी पुढे झाले.

"आमच्या संडासातलं पाणी टाकीत उतरतंय," मी म्हटलं. "मला गुरुवारपासून माहीत आहे."

मला वाटलं, मी हळूच बोलले, एक्स्चेंजमधल्या आवाजात. पण बहिऱ्याला आपला आवाज कुठे कळतो! सगळा वॉर्ड माझ्याकडे वळला. समोरच्या खाटेवरचा माणूस हातातला घास तोंडाशी धरून थांबला. शिवणवाली मात्र ओरडली नाही. मला दिसावं म्हणून चेहरा माझ्यासमोर आणून तिनं सावकाश एकच गोष्ट विचारली. कोट दाखवले त्याच्या आधी कळलं होतं, की नंतर? मी म्हटलं, आधी. तिनं मान हलवली आणि मुलीचं पांघरूण सारखं करायला वळली.

डॉक्टरांनी औषध बदललं. आज ताप उतरला आहे, धोका टळला म्हणतात. दवाखान्यातून त्या दोघी थेट तिच्या भावाकडे जाणार, असं तिचा नवरा दारातून सांगून गेला. आत आला नाही.

नळवाल्याचा गुरुवार मंगळवारी उगवला. त्यानं खणलं. पाइपाच्या सांध्यात मूळ शिरलेलंच होतं, झाड पडताना त्यानं पाइप उचकटला. टाकीच्या भिंतीला केसाएवढी चीर. आता नवा पाइप टाकीपासून लांब, दुसऱ्या अंगानं घालतोय. टाकी उपसून, घासून, औषध टाकून कोरडी करायची आहे. खणता खणता तो मला हातवारे करून सांगत होता, की अख्ख्या गल्लीत जाईन तिथं लोक म्हणतात जरा ओल आली आहे. सगळ्यांकडे नुसती ओलच, मग नाकाला फडकं बांधून मी फिरतोय तो काय हौसेनं? एरवी मी हसले असते.

माझ्यावर प्रेम कर असं आज मागवत नाही. करत असशील तर थांबू नकोस, इतकंच.

आत्या


शुक्रवार, ता. २४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू गुरुवारी गप्प राहिलीस. मी त्याच्या आधीच्या सोमवारी गप्प राहिले, आणि माझे कान शाबूत आहेत. प्रुफात शंका आली की आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि पुढे जातो. मी तुझ्या पत्रावर तेच केलं. पोर त्या पाण्यानं चुळा भरत होती आणि मी तुला निळीची कृती लिहून पाठवत होते. कार्डावर पत्ता लिहून झाला होता, आत्या. फक्त पेटीत टाकायचं होतं.

शिवणवालीला मी हे सगळं लिहिलं आहे. उत्तर मागितलेलं नाही.

पूल उघडला. रविवारी येते. घ्यायला स्टँडवर येऊ नकोस, वाट माहीत आहे. तुझ्या मायेचा निम्मा भार तरी मला उचलू दे, म्हणजे लाजेचाही उचलता येईल.

तुझी भाची


गुरुवार, ता. ६

मावशींस,
नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून लिहिते. मुलगी आता जेवते. अशक्त आहे, पण तोंड चालू झालं आहे.

तुमच्या भाचीचं पत्र आलं. त्या म्हणतात, चूक त्यांची. तुम्ही दवाखान्यात म्हणालात, चूक तुमची. तेव्हा मीही एक सांगून टाकते, नाहीतर ते मनात कुजेल. मला वास येत होता. वादळानंतर चार-पाच दिवसांतच यायला लागला. मला वाटलं, तुमचं वय झालं, आता तुम्हाला सांभाळता येत नसेल. तुम्ही दार लावून बसू लागलात तेव्हा ते खरंच वाटलं. त्या दिवशी घाईनं वर आलात तेव्हा तर खात्रीच पटली. म्हणून तुमचा दंड धरला होता. नवऱ्याला मी बजावलं होतं, की मावशींना वास आल्याचं दाखवू नकोस, त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होईल. जिना धुताना जास्तीचं फिनेल टाकत होते, ते तुमच्यासाठी. मुलीला सांगितलं होतं, की आजी आजारी आहेत, दार वाजवू नकोस.

एकदा जरी विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलं नाही. त्याची मला रोज लाज वाटते, मुलीला औषध देताना जास्तच वाटते. म्हणून सगळं तुमच्या माथी मारत नाही. पण जिन्यातला तो गुरुवार तुमचा आहे. तो मी वाटून घेणार नाही.

आम्ही परत येणार नाही. भाऊ येऊन शिलाई मशीन आणि बाकीचं सामान नेईल. मुलगी तुमची चौकशी करते. आजी अजून बऱ्या झालेल्या नाहीत, असं मी तिला सांगते. भेटायला येऊ नका. राग धरून हे लिहीत नाही, पण आत्ता मला तुमचा चेहरा बघवणार नाही.

तब्येतीला जपा. हे नेहमीचं म्हणून लिहीत नाही.

वरची


रविवार, ता. ९

प्रिय मुली,

वडीलकीनं आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नमस्कार.

तुझा भाऊ काल येऊन सामान घेऊन गेला. मशीन त्यानं लेकरू उचलावं तसं उचललं. मी पाणी पुढे केलं, त्यानं घेतलं नाही. बरोबर केलं त्यानं. पाइप बदलला, टाकी धुतली, पाणी तपासून आणलं, सगळं चांगलं निघालं. पण ते त्याला सांगायला मी कोण?

माझ्याबद्दल तुला जे वाटलं ते वाचून कानशिलं तापली. मग माझी भाची शेजारी बसली होती तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि मला हसू आलं, आणि हसता हसता भलतंच झालं, तिला पत्र खाली ठेवावं लागलं. तू माझी लाज राखत होतीस आणि मी तुझी. दोघी इतक्या सभ्य, की मधल्या मधे पोर मरायला टेकली. तू विचारलं नाहीस याची तुला लाज वाटते, पण तू माणसाची लाज राखली होतीस. मी पाण्याची राखली. आणि गुरुवार माझाच आहे. तो वाटून घे असं मी कधीही म्हणणार नाही.

परत या असं म्हणत नाही. माफ कर असंही नाही. वरच्या खोल्या मी झाडून बंद केल्या आहेत. त्या कुणाला द्यायच्या ते पुढे बघेन.

एकच मागणं आहे. तू बटणला सांगतेस, की आजी आजारी आहे. तू चांगुलपणानं सांगतेस. पण तिला मी ओळखते. मी बरी व्हावी म्हणून ती थांबून राहिली असेल, शहाण्यासारखी, कुणाला त्रास न देता. माझ्यापायी खाटेवर पडलेली पोर माझीच काळजी करते आहे, हे मला सोसवत नाही. तिला माझा राग यायला हवा. तो तिचा हक्क आहे, आणि तो मी तिच्यापासून लपवून ठेवला आहे.

मला एकदा येऊ दे. घरात घेऊ नकोस, बसायला सांगू नकोस. तुला माझा चेहरा बघवत नाही, तर तू आत बस, भावाला समोर उभा कर. मी दारातूनच तिला सांगेन, की मी आजारी नव्हते आणि तुझ्यावर रागावलेही नव्हते. संडासाचा पाइप फुटला होता, घाण पाणी टाकीत जात होतं, ते मला कळलं होतं आणि मी तुझ्या आईला सांगितलं नाही. याच शब्दांत सांगेन. मग ती जे म्हणेल ते ऐकून निघून येईन. ऐकू येण्यासाठी कानातलं यंत्र घालून येईन, इतकी वर्षं लाजेखातर घातलं नाही ते.

येऊ नका असं तू स्पष्ट लिहिलं आहेस, आणि पुन्हाही तू नाहीच म्हणशील. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तरी विचारते. येऊ का?

खालची